केसरच्या नावाची बोट

नामाची बोट नामाच्या नावावर नव्हती. उरणकडच्या त्या बंदरावर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं आणि त्यावरून नामाची टिंगलही भरपूर व्हायची. मच्छीमार सोसायटीच्या योजनेत बाईच्या नावानं बोट घेतली तर बरं पडत होतं, म्हणून कागदावर मालकीण केसर, आणि दर्यात मरमर मरणारा तिचा नवरा. "मालकिणीला इचारून येतो," असं टपरीवरून उठताना तो स्वतःच म्हणायचा. लोक हसायचे, तोही हसायचा.

आषाढात केसर गेली. तापाचं निमित्त झालं, पनवेलला नेईपर्यंतही तिनं दम धरला नाही. अख्खा कोळीवाडा दारात लोटला, बायांनी हंबरडा फोडला, आणि हा बाबा ओट्यावर बसून कोण कोण आलंय ते बघत होता. बाया म्हणाल्या, धक्का बसलाय, रडंल हळूहळू. कसला रडतोय! दहावं झालं, तेरावं झालं, याच्या डोळ्यांत टिपूस नाही. ताटात पडेल ते खायचा, पाठ टेकली की झोपायचा. आत काही दुखतंय का म्हणून तो कधी कधी स्वतःच चाचपून बघायचा. काही लागायचं नाही. एक मात्र होतं. केसर गेली हे वाक्य त्याच्या तोंडातून एकदाही निघालं नव्हतं. परगावचं कुणी विचारलं तर म्हणायचा, "घरात न्हाय ती," आणि पुढं चालायला लागायचा.

पावसाळ्यासाठी बोट किनाऱ्यावर ओढलेलीच होती. नामा तिच्यामागं लागला. जुना रंग खरवडला, फटी बुजवल्या, वरपासून खालपर्यंत निळा रंग दिला, तोही एकट्यानं. काम उत्तम झालं होतं, त्यात खोट काढायची कुणाची टाप नव्हती. त्याचा तांडेल भिकू, म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा म्होरक्या, नारळी पुनवेची वाट बघत होता. फक्त विमा सरला होता. तो पुन्हा चालू करायचा तर कंपनीचा माणूस येऊन बोट तपासणार, आणि त्याच्या सहीशिवाय पुढचं काही हलत नाही.

तो माणूस एका सकाळी आला. हितेश नाव, यंदाच या भागात आलेला, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडांवरून उड्या मारत येणारा. पण कामाला चोख. हातोडीनं फळ्या वाजवून बघितल्या, इंजिन चालू करायला लावलं, पिशवीतून कधी बाहेर न निघालेली लाइफ जॅकेटं एकेक उघडून बघितली. मग फोटो काढायला पुढच्या टोकाशी गेला आणि थबकला.

"काका, बोटीचा नंबर कुठाय?"

नामानं पाहिलं. निळाच निळा रंग. सरकारी नंबर दरसाल पांढऱ्या रंगात केसर काढायची. सातवीपर्यंत शिकलेली, अक्षर वळणदार, आणि त्याचा तोरा केवढा! नामा रंग देणार आणि ती पदर खोचून शिडीवर चढणार, हे इतकी वर्षं ठरलेलं, की रंग वाळला म्हणजे नंबर आपोआप उमटतो असंच जणू त्याला वाटत होतं. यंदा रंग वाळला होता आणि त्याच्या काही ध्यानातच आलं नव्हतं.

"नंबर नसलेल्या बोटीचा सर्व्हे मी कसा करू?" हितेश म्हणाला. "कोण लिहितं नंबर?"

"घरची लिवते."

"मग बोलवा त्यांना. मालकीण त्याच ना, केसरबाई? त्यांची सही लागणारच आहे, आणि बोटीबरोबर फोटोपण."

शेजारी उभ्या भिकूनं नामाला कोपरानं ढोसलं, बाजूला ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाला, "दिपालीला आन. ती लिवंल, ती सही करंल. ह्यानं कवा बघितलंय केसरवयनीला? नाव बदलीत बसलास तर पुनव जाईल, सीजनचं तोंड जाईल. पोरं दुसऱ्या बोटीवर जातील, सांगून ठेवतो."

खोटं नव्हतं ते. नामानं मान हलवली. हल्ली तो सगळ्यालाच मान हलवायचा.

दिपाली, त्याची सून, मॅक्सीवर ओढणी टाकून आली. भिकूनं वाटेतच तिला पढवलं होतं. ती सासऱ्याकडं बघत शिडी चढली आणि मागच्या वर्षीच्या कागदावर बघून नंबर काढला. अक्षरं तिरकी, शेवटचा आकडा खाली घसरलेला, पण वाचता येत होता. हितेशनं फोटो घेतला. मग फॉर्म पुढं करून जाता जाता सांगावं तसं म्हणाला, "इथं सही. नीट करा हां. उद्या बोट बुडाली आणि सही दुसऱ्याची निघाली, तर कंपनी हात वर करते. खलाशांच्या घरच्यांनाही काही मिळत नाही."

भिकू समुद्राकडं बघायला लागला. दिपालीनं पेन घेतलं.

"ह्याच ना केसरबाई?" हितेशनं नामाला विचारलं.

व्हय म्हणायचं होतं. एवढासा शब्द, आणि बोट पाण्यात. नामानं तोंड उघडलं. समोर दिपाली उभी होती, बिचारी पोर, रंगानं बोटं माखलेली, आणि ती केसर नव्हती. कुठल्याच बाजूनं नव्हती. खाली उभा राहून तो "आकडा वाकडा आयला" म्हणून चिडवायचा तेव्हा वरून ब्रश झटकून त्याच्या टकलावर रंग उडवणारी ती बाई आता या बंदरावर कुठंच नव्हती.

"न्हाय," तो म्हणाला. "ही सून हाय माजी. केसर मेली."

हितेशनं पेन परत घेतलं. हलक्या आवाजात म्हणाला, मृत्यूचा दाखला काढा, बोट वारसाच्या नावावर करून घ्या, मी परत येतो. भिकू चवताळला. "पुनव घालवलीस! आता पोरं मी कशी थोपवू?" म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

नामाला यातलं काही ऐकू आलं की नाही कोण जाणे. तो बोटीला टेकला, सरकत सरकत ओल्या वाळूत बसला, आणि मग रडायला लागला. हमसाहमशी नव्हे, चांगला भोकाड पसरून, कोळीवाड्यातल्या बाया आषाढात रडल्या होत्या तसा. जाळी विणणारे हात थांबवून बघत राहिले. "मेली रं, माजी केसर मेली," तो ज्याला त्याला सांगत होता, जणू कुणालाच माहीत नव्हतं. हितेश त्याला उचलायला वाकला.

"ऱ्हाऊ द्या," दिपाली म्हणाली आणि सासऱ्याच्या शेजारी वाळूत बसली.