टेबलाखाली ठरलेली मेक्सिकोची खोली

बायांनो, आज जपानातल्या आमच्या हिगाशी-कसाईच्या घरात लेका-सुनेची जुंपली. सुट्टीत मेक्सिको सिटीला जायचंय, पण उतरायचं कुठं? लेकाला कॅफेंची कोंदेसा वस्ती हवी, सुनेला जुन्या चौकाजवळची.

तेवढ्यात वरचा दिवा हलला. इथल्या दोन हजार अकरा सालच्या मोठ्या भूकंपापासून आम्ही आधी टेबलाखाली शिरतो, मग बोलतो. ही दोघं तिथंही भांडतच होती!

मी विचारलं, "तिकडं हलतं का रे?"

"हलतं आई. दोन्ही वस्त्या आटलेल्या तळ्याच्या मऊ जमिनीवर आहेत, तिथं जास्तच हलतं."

"मग खडकावर काहीच नाही?"

"सान आंखेल नावाची वस्ती आहे. पण चढ फार."

सून म्हणाली, "आई, तुमचे गुडघे!"

"चढ मी बसत बसत चढेन. पळायला तेवढं सांगू नका."

लेकानं तिथंच फोनवर सान आंखेलमध्ये खोली घेतली. मग दोघांनी मला ओढून बाहेर काढलं.

तुम्ही परगावी उतरताना आधी काय बघता गं, कॅफे की जमीन?