सत्यभामाबाईंच्या बांधीत कंपनी उतरली

पवनी तालुक्यातल्या आसगावात रोवण्याचा, म्हणजे धानाच्या लावणीचा, हंगाम सत्यभामाबाईंच्या शब्दावर चालतो. कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, बाया उतरणार, हे त्या ठरवतात. पन्नाशी गाठलेली बाई, आवाज एका धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तिसऱ्या धुऱ्यावर पोचणारा. व्यवहार जुनाच: तू माझ्याकडे एक दिवस आलीस, की मी तुझ्याकडे एक दिवस येणार. मजुरीचा विषय नाही.

उन्हाळ्यात गावाच्या समाजमंदिरात शिवणकामाचं प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. जागा आणि निधी सरकारचा, मशीन आणि शिकवणारे नागपूरच्या एका कंपनीचे. सत्यभामाबाई धरून वीस बायांनी नावं दिली. रोवणा लागला आणि वर्ग ओस पडला. नेमका तेव्हाच तपासणीचा निरोप आला. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर केंद्र बंद होणार होतं. केंद्राचा व्यवस्थापक भूपेंद्र बूट हातात घेऊन धुऱ्यावर आला.

"मावशी, उद्या एक दिवस सगळ्या जणी या ना."

"उद्या माह्या बांधीत रोवणा हाये, भाऊ. परे पिवळे पडून राहिले." वाफ्यातली रोपं, म्हणजे परे, लावणीची वाट पाहत होती.

"मग कसं करायचं?"

"बदली द्या. आमी येतो, तुमी बी या."

"येतो ना!" भूपेंद्रला तो विनोद वाटला.

तपासणी झकास झाली. प्रशिक्षणातून काय मिळालं, असं तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

"खुर्ची," सत्यभामाबाईंच्या शेजारच्या मशीनवरच्या ललिताबाई म्हणाल्या. "रोवण्यात दिवसभर बसाले भेटत नाही."

साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा दिला.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंचं बोलावणं आलं, तेव्हा भूपेंद्र शिवण शिकवणाऱ्या रीना मॅडमना घेऊन बांधीवर हजर झाला. सत्यभामाबाईंनी त्यांच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"बाकीचे कुठी हायेत?"

"कोण बाकीचे?"

"आमी वीस जणी आलो होतो. तुमी दोघंच?"

"मावशी, एकाच दिवसाचं ठरलं होतं ना!"

"एका बाईचा एक दिवस. वीस बायांचे वीस. काय बाप्पा, शाळेत काय शिकले तुमी?"

"आम्ही दोघं दहा-दहा दिवस येतो."

"तवापर्यंत परे म्हातारे होतीन."

प्रश्न खरा होता. सत्यभामाबाईंच्या पाळीचा दिवस तपासणीत गेला होता आणि बाया आता दुसऱ्यांच्या बांधीत शब्द देऊन बसल्या होत्या. माणसं मिळाली नाहीत तर बांधी पडीक राहणार होती.

भूपेंद्रने मुख्य कार्यालयात फोन लावला. कंपनीला वर्षातून एकदा कुठल्या तरी गावात श्रमदान करायचंच असतं. दोन दिवसांत बस आली. सारख्या टी-शर्टातली वीस माणसं उतरली. त्यांत संचालकही होते.

सत्यभामाबाईंनी धुऱ्यावरून वर्ग घेतला.

"वाका, साहेब. परा चिखलात लावा लागते. तुमी हवेत काहून धरून राहिले?"

संचालक वाकले आणि तोल जाऊन चिखलातच बसले. दुपारपर्यंत असं तीनदा झालं. बाजूच्या बांधीतल्या बाया हात थांबवून पाहत होत्या.

"अवो मॅडम," ललिताबाईंनी रीनाला हाक मारली, "तुमची शिलाई वाकडी जाऊन राहिली! उसवा न् परत घाला."

दिवस मावळायच्या आत बांधी भरली. ओळी नागमोडी होत्या, पण परे जमिनीत गेले होते. संचालक कपाळावरचा चिखल पुसत म्हणाले, "छान उपक्रम आहे. दरवर्षी करू या."

"करा ना," सत्यभामाबाई म्हणाल्या. "पण तुमी धुऱ्यावरच ऱ्हाजा, साहेब. तुमी जिथं जिथं बसले, तिथं मले दुसऱ्यांदा रोवा लागलं."