जर्मनीहून परत आलेला आमचाच डबा

मित्रहो, आज सकाळी मी आमच्याच घरचा स्टीलचा डबा आठशे रुपये भरून सोडवला!

गेल्या संक्रांतीला जर्मनीतल्या ताईसाठी आईने त्यात लाडू पाठवले होते. आज कुरिअरवाला तोच डबा घेऊन बाभुळगावात आमच्या दारात हजर.

"कस्टम ड्युटी अन् कंपनीचा हँडलिंग चार्ज भरा, मंगच पार्सल भेटन."

"काहून? डबा तं आमचाच हाय ना भाऊ!"

"मले काय मालूम जी? कागदावर किंमत भारी लिवली हाय."

चिडून ताईला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, आईच्या डब्याची किंमत शंभर रुपये कशी लिहू? हातच होईना."

यंदा कापसाच्या भावाने आधीच रडवलं आहे, पण तिला काय बोलणार? कुरिअरवाल्याला पैसे मोजून दिले.

डब्यात मूठभर साखर निघाली. आमच्याकडे कोणाचाच डबा रिकामा परत करत नाहीत. ताई तिकडे जाऊनही ही रीत विसरली नाही, म्हणून मी खूश. आई मात्र डबा मांडीवर घेऊन बसली, साखरेला हातही लावला नाही.

"काय झालं वो आई?"

"दिवाळीले येणार असती तं डबा संगंच आणला असता ना तिनं."

परदेशात राहणाऱ्यांनो, एक सांगू? आईचा डबा कुरिअरने परत पाठवू नका. तिकडेच राहू द्या. तो परत यायचा बाकी आहे, एवढ्यावर तिला तुमची वाट पाहता येते.