गल्ल्यावर बसलेले लोक

नवं मराठी राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. उंद्रीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. शाळेच्या दारात, एस.टी. थांब्यासमोर एक फळा होता. त्यावर रोज बातम्या लिहायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं. नागपूरचं इंग्रजी वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं यायचं. त्या काळात अमेरिका पेटलेली होती. काळ्या लोकांचे मोर्चे, लाठ्या, माणसांच्या अंगावर सोडलेली कुत्री. मी ते सगळं आवेशानं फळ्यावर उतरवायचो. लोक थांबून वाचायचे, त्याचं मला कौतुक वाटायचं.

एकदा बातमी आली. तिथल्या काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात खायला-प्यायला देत नाहीत, म्हणून ते जाऊन काउंटरवर बसले आणि मारलं तरी उठले नाहीत. तिकडे काउंटरलाच लागून स्टुलं असतात, गिऱ्हाईक तिथं बसून खातं, हे मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं : 'अमेरिकेत काळे लोक हॉटेलाच्या गल्ल्यावर बसले.'

थांब्यावरचा हॉटेलवाला माझा घरमालक होता. संध्याकाळी मी चहाला गेलो तर तो गल्ल्यावरूनच ओरडला, "काऊन मास्तर, ते लोक गल्ल्यावर बसले, मंग मालक कुठी बसला?"

"भट्टीवर!" मागून कोणीतरी म्हणालं. सगळं हॉटेल हसलं. मीही हसलो.

आमच्या शाळेत गणिताला एक सर होते. माझ्याच वयाचे, बौद्ध, त्यांच्या घरातले पहिले पदवीधर. त्या हॉटेलात त्यांच्यासारख्यांचा ग्लास बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलेला असे. वरून चहा ओतायचा, पिऊन झाला की ज्याचा त्यानं विसळून ठेवायचा. कायदा होता, पण कोनाडाही होता. सरांनी त्या ग्लासाला कधी हात लावला नाही. ते चहावाचूनच राहायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला व्हरांड्यात गाठलं.

"सर, तो गल्ला नसंल हो. गल्ल्यावर बसून कोणाले काय खायले भेटते? गिऱ्हाइकाची जागा असंल ते."

"असेल. पुसून दुरुस्त करतो."

"राहू द्या. आपल्याले तर बाकडंच पुरे." मग जरा थांबून म्हणाले, "उद्या मधल्या सुट्टीत मी हॉटेलात आत जाऊन बसतो. तुम्ही बाजूले बसा फक्त. बोलू नका काही."

"हाव," मी म्हणालो. विचारही केला नाही.

विचार सगळा रात्री सुचला. खोली, घरमालक, त्याच्याकडे बसायला येणारे शाळासमितीचे सभासद, माझी कायम न झालेली नोकरी. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम दोन-चार मिनिटं उशिरा निघालो. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मी पोचलो तेव्हा सर आत बसलेले होते. बाकड्याच्या एका टोकाला, बाजूला माझ्यापुरती जागा सोडून. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि उगाचच थोडे आणखी सरकले.

"या मास्तर, इकडं या," हॉटेलवाला म्हणाला. आवाज नेहमीसारखाच होता. मी गल्ल्यापाशी गेलो. त्यानं चहा माझ्या हातात दिला. मी उभा राहिलो, आणि प्यायलो. नाही प्यायलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

त्यांच्यापुढे काही आलं नाही. शाळेची घंटा होईपर्यंत ते तसेच बसले. मग उठले आणि माझ्या शेजारून निघून गेले. हॉटेलवाल्यानं तांब्याभर पाणी त्या बाकड्यावर ओतलं. माझ्या हातात रिकामा कप होता.

पुढच्या तासाला शेजारच्या वर्गातून त्यांचा आवाज ऐकू येत होता. व्याजाचं उदाहरण ते नेहमीइतकंच सावकाश समजावत होते. मला माझ्या वर्गात एक ओळ धड वाचता आली नाही. त्या उन्हाळ्यात ते लोणारकडच्या शाळेत गेले.

काही वर्षांनी अमेरिकेतल्या त्या लोकांच्या मोठ्या पुढाऱ्याला गोळी घातल्याची बातमी रेडिओवर आली. शाळेत शोकसभा झाली. बोलायला मीच होतो. चांगलं बोललो असं सगळे म्हणाले.

त्यानंतर एकदाच सर भेटले, मेहकरच्या स्टँडवर. बाकावर बसले होते. मला पाहून सरकले, अगदी तसेच. या वेळी मी बसलो. सुचेना म्हणून म्हणालो, "चहा घेऊ, सर?"

"चहा सोडला मी," ते म्हणाले. "तुमचा फळा चालू आहे का?"

"नाही."

"काऊन?"

मी समोरच्या गाडीवरची पाटी वाचू लागलो. त्यांची गाडी लागली होती. त्यांनी पिशवी उचलली, "येतो सर," म्हणाले आणि गेले. मी बाकावर तसाच बसून राहिलो. माझीही गाडी आली आणि सुटून गेली.