विचारायचं न्हाई

मानवतला आमच्या शेजारी एक निवृत्त कारकून राहतात. पुण्याला कोणी निघालं की ते न बोलावता येतात आणि कुठली बस, कुठली मेट्रो, कुठल्या दारानं चढायचं, हे बोट नाचवत सांगतात. दर वाक्यामागं "ध्यानात आलं का?" असतंच. आईच्या डोळ्यांची तपासणी पुण्यात ठरली, तेव्हा ते आपणहून सोबत निघाले.

पुण्यात उतरल्यावर मी कुणाला तरी रस्ता विचारायला निघालो, तर त्यांनी माझी बाही धरली. "विचारायचं न्हाई. पावणा हाय हे कळलं की लोक फसवतेत." त्यांनी दाखवली त्या बसमध्ये आम्ही चढलो. तिकिटंही त्यांनीच काढली. तासाभरानं बस रिकामी झाली, तेव्हा मी दवाखान्याचं नाव सांगितलं. कंडक्टर म्हणाला, "उतरा, बस इथपर्यंतच आहे. दवाखाना शहराच्या त्या टोकाला राहिला."

मला वाटलं, आता तरी ओशाळतील. ते घाम पुसत म्हणाले, "हे लोक रोज रूट बदलायलेत."

आई रस्त्याकडेच्या भाजीवालीकडं गेली, तिला विचारलं आणि आम्हा दोघांना योग्य बसमध्ये बसवलं. पोचेपर्यंत नंबर गेला होता. डॉक्टरांनी पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

परवा ते कारकून अंगणात कुणाला तरी सांगत होते, "म्हातारीला दिसत न्हाई. मी होतो म्हणून दवाखान्यात पोचली."

मी तावातावानं उठलो. आईनं मला हाताला धरून बसवलं.

"सांगू दे त्याला," ती म्हणाली. "पुढच्या बारीला आपण कधी निघायलोय, तेवढं मात्र त्याला कळू देऊ नको."