रा म्हणजे ये

आम्ही वडार. घरातली मोठी माणसं आपसात वडारी बोलायची, पण आम्हा भावंडांशी वडील मराठीतच बोलत. "शाळंत हसत्यात पोरांला," एवढंच ते सांगायचे. थोरला भाऊ लहानपणापासूनच वसतिगृहात. पाण्याला नीळ्ळु म्हणतात, दगडाला रायी, याच्यापुढं त्याला फारसं येत नव्हतं. मी आत्याच्या अंगाखांद्यावर वाढले, म्हणून मला थोडं जास्त समजायचं.

त्या दुष्काळात वसतिगृहाचं पाणी आटलं आणि मुलांना घरी धाडलं. भाऊ तेव्हा कॉलेजात होता. तो आमच्याबरोबर विहिरीच्या कामावर येऊ लागला. नेकनूरजवळचं ते काम एका मजूर सोसायटीनं घेतलं होतं. खाली वडील आणि भाऊ पहारीनं दगड सुटा करत, वर दगड ओढायच्या यारीपाशी आत्या उभी असे. मी मजुरांना पाणी द्यायचे.

एका दुपारी दगडांनी भरलेलं टोपलं वर येत होतं. दोर तुटायला आलाय हे आत्यानं पाहिलं. ती वाकून ओरडली, "रा, रा!"

वडील तिच्या बाजूच्या भिंतीला जाऊन चिकटले. भाऊ होता तिथंच उभा राहिला. टोपलं त्याच्या पायावर आलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात गुडघ्याखालून पाय काढला. बोलण्याइतकी ताकद आल्यावर त्यानं आत्याला विचारलं, "तू मला ऱ्हा कावून म्हणलीस? म्हणून मी हाललो न्हाई."

"मी ये म्हणले, बाळा."

"ऱ्हा म्हणलीस. मी ऐकलं."

"रा म्हणले. आपल्यात रा म्हंजे ये."

वडील खाटेपाशीच होते. ते उठून बाहेर गेले. मी मागं गेले तर जिन्यात बसलेले. म्हणाले, "ती शिकवायची म्हणत होती त्याला. मीच शिकवू दिलं न्हाई."

सोसायटीनं दुसरी टोळी आणून विहीर पुरी केली. पाणी लागलं नाही. भावाचं कॉलेज सुटलं, तो गावातल्या पिठाच्या गिरणीवर बसू लागला.

आत्यानं वडारी बोलायचं सोडलं. दगड वाहायची गाढवंसुद्धा ती मराठीत हाकायची. वडील तिच्याशी वडारीतच बोलत, ती मोडक्यातोडक्या मराठीत उत्तर देई. पुढं पुढं वडीलही तिच्याशी कमी बोलू लागले.