घरातला शहाणा माणूस

हसायचं असेल तर खुशाल हसा. अख्खं देवबाग हसून झालंय, तुम्हीच तेवढे राहिला होता. फक्त चहा आधी संपवा. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

तर गाढवपणा असा, की मी माझ्या मेलेल्या भावाला सगळ्या गावासमोर एक वचन देऊन बसलो. आणि ते वचन माझ्याकडून कोणी मागितलंच नव्हतं.

दादा गेल्या पावसात गेला. ताप आला म्हणून चालत दवाखान्यात गेला होता. डॉक्टर म्हणाले लेप्टो. मोठ्या हॉस्पिटलात नेलं, आणि तिथून तो चालत आला नाही. मला अजून बोलताना ‘दादा म्हणतो’ असंच तोंडात येतं. मग समोरचा माणूस खाली बघतो आणि मला कळतं, की ‘म्हणायचा’ म्हणायला हवं होतं.

मी आठवीत शाळा सोडली. मास्तरांनी छडी उगारली, मी खिडकीतून उडी मारली आणि थेट होडीवर गेलो. विचार नंतर करायचा, हा माझा स्वभावच. बाबांच्या मागे दादानेच घर ओढलं. आणि दादा आजारी पडायच्या थोडे दिवस आधी मी घरात एक गोष्ट बघितली होती. फळीवर दहावीची नवी कोरी पुस्तकं! प्रत्येकाला दादाने स्वतः खाकी कव्हर घातलेलं.

मी विचारलं, “कोणाक रे ही?”

दादा हसला. “घरातल्या शाण्या माणसाक.”

आता तुम्हीच सांगा. आमच्या घरात माणसं किती? आई सही म्हणून अंगठा उठवते. दादा बारावी पास, त्याला दहावीची पुस्तकं कशाला? वैनी तर काय, सदा चुलीपाशी. मग शहाणा उरला कोण? हिशेब सरळ होता!

दिवसकार्याला खाडीच्या काठावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या माडावर बसून नुसता बघत होता. आमच्यात मग जो तो विचार करतो, की गेलेल्याचं मन कशात अडकलंय. काका पुढे झाले. “तुझ्या आवशीची काळजी करू नको, आमी आसाव.” कावळा हलला नाही. शेजारचा भिवा म्हणाला, “तुझी होडी आमी दुरुस्त करून घेतलाव.” कावळ्याने मान फिरवली.

दादा तिथे भुकेला उभा आहे आणि आपण काही करू शकत नाही, असं वाटायला लागलं. आणि एकदम मला ती खाकी कव्हरं आठवली. मी ओरडलो, “दादा, मी धावी पास होतलंय! तुझी शप्पत!”

आणि कावळा सर्रकन खाली आला!

काकांनी मला मिठी मारली. मी हंबरून रडलो. भिवा मागे कोणाच्या तरी कानात बोलला तेही मला ऐकू आलं. “शिवलो खंय? चक्कर येवन पडलो बिचारो!”

बायका घरी होत्या, त्यामुळे वैनीला हे नंतर कळलं. मी घरात शिरलो, फळीवरची पुस्तकं उतरवली आणि बॉलपेनाने प्रत्येकावर ठळक अक्षरात माझं नाव घातलं. वैनी दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं, बिचारीला भरून आलं असेल, दीर किती गुणी निघाला म्हणून.

मग बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला वैनीच शाळेत गेली. मी कुठे सही करायची तेवढं तिने बोटाने दाखवलं.

अभ्यास मी मोठ्याने करायचो. वाडीला कळलं पाहिजे ना! वैनी पडवीत बांगडे साफ करत बसलेली असायची. मी एखाद्या ओळीवर अडखळलो की विळीवरून मान वर न करता ती पुढचं सांगायची. एकदा बीजगणिताचं समीकरण मला काही केल्या सुटेना. ती म्हणाली, “आधी कंस सोडव.”

“वैनी, तुका कसा ठाव?”

“तू मोठ्यान वाचतंस मां, कानार पडता.”

झालं! मी दुसऱ्या दिवशी भिवाला सांगून टाकलं, “माझा वाचन इतक्या बरा, की बांगडे साफ करता करता वैनी शिकली!” भिवा म्हणाला, “मगे बांगडे पण धावीक बसव.”

पहिला पेपर मराठीचा. सकाळी वैनी म्हणाली, “मी पण येतंय मालवणाक.” इस्त्रीची साडी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. मला काय वाटावं? दादा नाही म्हणून ती माझ्या मागे उभी राहायला येतेय. स्कूटर चालवताना माझे डोळे भरून वाहत होते, समोरून एस. टी. आली तीसुद्धा दोन दिसली.

शाळेच्या फाटकावर शिपाई ओरडत होता, “पालकांनी बाहेर थांबा!” मी आत गेलो. मागे बघतो तर वैनी पण आत! मी तिला हाताला धरून थांबवलं. “वैनी, तू थंय झाडाखाली बस. घाबरू नको, मी आसंय.” ती काहीतरी सांगायला गेली, मी सांगू दिलं नाही. उलट शिपायालाच म्हटलं, “काका, ही माझी वैनी. माझा पेपर संपेपर्यंत हिला सावलीत बसवा. हिला पाणीबिणी द्या.”

शिपायाने तिला खुर्ची दिली. ती बसेना. मी म्हटलं, “बस गो!” ती म्हणाली, “अरे ऐक तरी!” मागे पोरापोरींची रांग खोळंबली. तेवढ्यात एक मॅडम आल्या.

“काय गोंधळ आहे? हॉल तिकीट?”

वैनीने पिशवीतून कागद काढून दिला. मॅडमनी फोटो बघितला, वैनीला बघितलं. “बरोबर आहे. तुम्ही आत जा. आणि तुमचं हो?”

म्हणजे माझं! मी खिसे चाचपले. शर्ट, पँट, परत शर्ट. स्कूटरच्या डिकीत बघून आलो, तिथे गळाची दोरी आणि सुका बोंबील! घामाने मी भिजून गेलो. शेवटी वैनीनेच पिशवीत हात घातला. “रुपेश, तुझा पण माझ्याकडेच आसा.”

मॅडम शिपायाला म्हणाल्या, “यांच्यात पालक कोण?”

शिपाई म्हणाला, “मॅडम, मघापासून मी चुकीच्या माणसाला खुर्ची देत होतो.”

सगळी रांग हसली. मीही हसलो. दुसरं काय करणार?

वर्गात माझ्यापुढे दोन बाकं सोडून वैनी बसली होती. पेपर हातात आला तशी तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. हातात बांगडी नव्हती. मनगट कसं मोकळं मोकळं कागदावर सरकत होतं. आणि तेव्हा मला कळलं, की घरातला शहाणा माणूस कोण. नववीत लग्न जमलं म्हणून माहेरची, मसुऱ्याची शाळा सुटलेली ही मुलगी. दादाने कव्हरं घातली ती हिच्यासाठी. मी त्यांच्यावर माझं नाव घातलं, आणि ती दारात उभी राहून बघत होती.

मी मग काही लिहू शकलो नाही. उत्तरपत्रिकेवर पाणी पडलं. मॅडमनी विचारलं, “बरं वाटत नाही का?” मी म्हटलं, “घाम आहे.”

पेपर सुटल्यावर मी वैनीला विचारलं, “माका सांगलंस कित्याक नाय?”

ती चप्पल घालत होती. म्हणाली, “दादा गेल्यापासून तू त्या होडयेखाली जावन पडलेलंस. आवशीन हाक मारली तरी येय नाय होतंस. पुस्तका घेतलंस त्या रात्री पोटभर जेवलंस. मी काय सांगतलंय? माका पुस्तक व्हया होता रे, पण घरात माणूस पण व्हयो होतो.”

“आणि दादाक दिलेला वचन?”

“ता तुझा तू बघ,” म्हणाली आणि स्कूटरवर मागे बसली. घर येईपर्यंत तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलेलं होतं. शर्ट ओला झाला. दोघांनाही घामच आला होता म्हणा.

निकाल लागला. वैनी पहिल्या वर्गात पास! मी हिंदीत बरा निघालो, ती होडीतून फिरवतो त्या पर्यटकांची कृपा. गणितात गेलो. आणि मराठीत? मराठीतही गेलो!

आता फेरपरीक्षा आहे, आणि वैनी शिकवते. परवा तिने निबंध घातला, ‘माझा भाऊ’. मी म्हटलं, दुसरा विषय दे. ती म्हणाली, हाच. मग बसलो लिहायला, एकटाच, पडवीत. हे तुम्ही आत्ता ऐकलंत ना, ते सगळं त्या निबंधात उतरवलं. शेवटपर्यंत.

वैनीने वाचलं. पदराने डोळे पुसले. मला वाटलं, जमलं! मग तिने लाल पेन घेतलं आणि खाली लिहिलं:

‘यात भाऊ कुठे आहे? पहिल्या ओळीपासून तूच आहेस. पुन्हा लिही.’